मऊ घड्याळे आणि कठीण खडक

आमच्या दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटावर एक घड्याळ बसलेले आहे. ‘बसलेले’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजीत आहोत. कारण ते भिंतीवर टांगलेले नाही व मेजावर उभेही केलेले नाही. त्याची अर्धी तबकडी कपाटाच्या माथ्यावर आडवी पसरली असून उरलेली अर्धी, उन्हात राहिलेल्या लोण्याच्या गोळ्याप्रमाणे, काठावरून खाली ओघळली आहे. आमच्या धाकट्या कन्येने ते आमच्या पन्नासाव्या वाढदिवशी आम्हांस भेट दिले. येणारा प्रत्येक पाहुणा त्याकडे पाहून हसतो आणि बहुतेकजण “हे दालीचे ना?” असे विचारतात. ज्यांनी चित्रकलेवरील एकही पुस्तक कधी उघडलेले नाही त्यांनाही साल्वादोर दाली हे नाव आणि ओघळणारे घड्याळ यांचे नाते ठाऊक असते. एखाद्या चित्राच्या कीर्तीचे याहून मोठे प्रमाण कोणते द्यावयाचे?

आणि तरीही या घड्याळात एक दोष आहे. तो आमच्या ध्यानात यावयास मात्र काही वर्षे लागली. ते वेळ अगदी बिनचूक दाखविते. सकाळी महाविद्यालयात जाण्याची आमची घाई त्याच्याच काट्यांवर चालते, आणि रात्रीचे दहा वाजले म्हणून सौभाग्यवती दिवे मालवितात त्याही त्याच्याच साक्षीने. ज्या चित्रातून ते जन्मास आले त्यातील एकही घड्याळ कोणास गाडी गाठून देण्याच्या उपयोगाचे नाही. मूळ चित्रात घड्याळाचा आकार बिघडला आहे तो त्याचा धर्मच सुटला म्हणून. आमच्या घरच्या घड्याळात आकार तेवढा बिघडविला आहे आणि धर्म शाबूत ठेविला आहे. लोकांच्या नित्याच्या करमणुकीने, बाजाराने व जाहिरातींनी या चित्राचे काय केले, याचे मर्म आमच्या मते या एका फरकात साठलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विस्तार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम चित्राविषयी. स्पॅनिश भाषेत त्याचे नाव ‘ला पेर्सिस्तेन्सिया दे ला मेमोरिया’ असे आहे. ‘स्मृतीचे सातत्य’ असे त्याचे प्रतिष्ठित भाषांतर करता येईल. परंतु सातत्यापेक्षा ‘चिवटपणा’ हा घरगुती शब्द त्या नावाच्या अधिक जवळ जातो असे आम्हांस वाटते. दालीने ते १९३१ साली, सत्तावीस वर्षांचा असताना रंगविले. आंद्रे ब्रेतों याने अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा पॅरिसमध्ये १९२४ साली प्रसिद्ध केला होता. दाली त्या पंथात १९२९ च्या सुमारास दाखल झाला. ज्युलियन लेव्ही नावाच्या तरुण अमेरिकन चित्रविक्रेत्याने ते चित्र विकत घेऊन समुद्रापलीकडे नेले. १९३१ च्या अखेरीस ते हार्टफर्ड येथील प्रदर्शनात व १९३२ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये लेव्हीच्या स्वतःच्या दालनात मांडले गेले. १९३४ साली एका दात्याने आपले नाव गुप्त ठेवून ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयास अर्पण केले, आणि तेव्हापासून ते त्याच संग्रहालयाचे आहे.

आम्ही ते तेथे पाहिले तेव्हा पहिला धक्का बसला तो त्याच्या लहानपणाचा. त्याची रुंदी ३३ सेंटिमीटर व उंची २४ सेंटिमीटर. म्हणजे आडव्या धरलेल्या फुलस्केप कागदापेक्षा ते फारसे मोठे नाही. भिंतभर छापलेल्या प्रतींची सवय झालेल्या डोळ्यांस ते शोधावे लागते. त्याच्यासमोर दाटी होती. पण दाटीतील बरेचसे लोक चित्राकडे पाठ करून उभे होते, कारण त्यांना चित्रासह स्वतःची छबी टिपावयाची होती. आमची पाळी आल्यावर आम्ही जवळ सरलो आणि जे पाहिले त्याने आम्हांस आमचीच लाज वाटली. ती का, ते पुढे येईलच.

चित्रात घड्याळे चार आहेत. त्यांतील तीन मऊ आहेत: एक डाव्या बाजूच्या तपकिरी चौथऱ्याच्या काठावरून ओघळले आहे व त्यावर एक माशी बसली आहे, दुसरे एका वठलेल्या झाडाच्या फांदीवर, धुऊन वाळत घातलेल्या वस्त्राप्रमाणे, लोंबते आहे, तिसरे मध्यभागी वाळूवर पडलेल्या एका विचित्र पांढुरक्या प्राण्याच्या पाठीवर खोगिरासारखे टाकलेले आहे. हा प्राणी नीट पाहिल्यास एक मानवी चेहरा आहे. त्याचा डोळा मिटलेला असून पापण्यांचे केस लांबलचक आहेत. चौथे घड्याळ मात्र मऊ नाही. ते नारिंगी रंगाचे, झाकण मिटलेले, खिशात बाळगावयाच्या जातीचे घड्याळ चौथऱ्यावर पालथे पडले आहे, आणि गुळाच्या खड्यास लागाव्यात तशा मुंग्या त्यास लागल्या आहेत. या सर्वांच्या मागे दूरवर समुद्र आहे, आणि उजवीकडे सोनेरी उजेडात उभे असलेले कडे आहेत. हे कडे कल्पित नाहीत. स्पेनच्या ईशान्य टोकास, कातालोनियाच्या किनाऱ्यावर, काप दे क्रेउस नावाचे भूशिर आहे. वाऱ्याने व लाटांनी कोरलेले तेथील खडक दालीने लहानपणापासून पाहिले होते. जवळच पोर्ट लिगात येथे त्याने १९३० साली कोळ्याची एक झोपडी विकत घेतली होती. चित्रातील कड्यांची एकेक कपार त्याने एखाद्या जुन्या डच चित्रकाराच्या सोशिकपणाने, बारीक कुंचल्याने रंगविलेली आहे.

हे चित्र कसे सुचले, याविषयी दालीने १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात एक हकीकत दिली आहे. दालीच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न वेगळा. तथापि ही हकीकत चित्राशी इतकी जुळते की ती बाजूस सारवत नाही. एके रात्री त्याचे डोके दुखत होते. त्याची सहचरी गाला मित्रांबरोबर चित्रपटास गेली. दाली घरी राहिला. जेवणात कामाँबेर नावाचे फ्रेंच चीज होते. ते बाहेरून धड दिसले तरी पिकल्यावर आतून पाझरू लागते. ताटातील त्या पदार्थाकडे पाहात तो मऊपणाविषयी विचार करीत बसला. निजावयास जाण्यापूर्वी हाती घेतलेल्या चित्रावर अखेरची नजर टाकावी म्हणून तो चित्रशाळेत गेला. तेथे पोर्ट लिगातजवळच्या किनाऱ्याचे दृश्य सांजप्रकाशात रंगवून तयार होते: खडक होते, फांद्या छाटलेले ऑलिव्हचे झाड होते. उणीव होती ती एका कल्पनेची. दिवा मालविण्याच्या क्षणी ती कल्पना त्याला ‘दिसली’, आणि गाला परत येईपर्यंतच्या दोन तासांत त्याने घड्याळे रंगवून टाकिली.

या हकीकतीत लोकांना कामाँबेरचा तुकडा तेवढा आठवतो, कारण तो गमतीचा आहे. आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट: खडक आधी होते. घड्याळे मागाहून आली. जेथे सर्व काही स्थिर, टणक व रेखीव होते तेथे तीन मऊ वस्तू आणून टाकल्या, आणि त्या क्षणी सबंध जग संशयास्पद झाले. खडक मऊ असते तर घड्याळांच्या मऊपणाची कोणास दादही लागली नसती. ज्या गावात सगळेच वेडे असतात तेथे वेड्याकडे कोण पाहणार?

आता आमच्या लज्जेचे कारण सांगतो. आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितो. आधुनिक कवितेची पार्श्वभूमी समजावून देताना हे चित्र वर्गास दाखवावयाचे आणि त्याखाली टिपण द्यावयाचे, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. आमचे टिपण असे असे: ‘आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने काळ लवचिक ठरविला, दालीने तो लवचिक काळ चित्रित केला.’ वाक्य सुटसुटीत होते. विद्यार्थ्यांना ते आवडे व परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून ते आमच्याकडे वर्षानुवर्षे परतही येई. त्यास आम्ही गुणही दिले. पण सापेक्षतावादात घड्याळ मंदावते. मऊ होत नाही. इल्या प्रिगोजिन या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या शास्त्रज्ञाने दालीस आइन्स्टाइनच्या या संबंधाविषयी विचारले, तेव्हा त्याने आइन्स्टाइनऐवजी उन्हात पाझरणाऱ्या कामाँबेरकडेच बोट दाखविले, अशी नोंद आहे. आमचे टिपण, थोडक्यात, चित्र पाहून लिहिलेले नव्हते. चित्राच्या कीर्तीवरून लिहिलेले होते. न्यूयॉर्कच्या त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर आमच्या ध्यानात आले की, मुंग्या लागलेले ते चौथे घड्याळ आम्ही तोवर कधी पाहिलेच नव्हते. वर्गात ते दर वर्षी डोळ्यांसमोर असे. तरी पाहिले नव्हते.

परत आल्यावर आम्ही एक प्रयोग केला. वर्गातील मुलामुलींस कोरे कागद देऊन हे चित्र आठवणीने काढावयास सांगितले. सर्वांना चित्र ठाऊक होते, व सर्वांनी मऊ घड्याळे हौसेने काढिली. झाड काहींनी काढिले. मिटलेले घड्याळ कोणी काढिले नाही. कडे कोणीच काढिले नाहीत. त्या जागी बहुतेकांनी एक आडवी रेघ ओढून क्षितिज उरकले होते. ज्या चित्राच्या नावात स्मृतीचा चिवटपणा आहे त्याची स्मृतीने केलेली ही वाटणी पाहून आम्हांस हसू आले आणि वाईटही वाटले. मुलांचा त्यात काय दोष? त्यांच्या गुरूने त्यांना अर्धेच चित्र दिले होते, आणि बाजारानेही तेच केले होते.

बाजाराच्या या इतिहासात एक प्रकरण फार बोधप्रद आहे. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’ या १९४५ सालच्या चित्रपटात एका रुग्णाचे स्वप्न दाखवावयाचे होते. त्यातील दृश्यांची कल्पना दालीकडून करवून घेण्यात आली. हिचकॉकने पुढे आपला हेतू सांगितला आहे. तोवर चित्रपटांत स्वप्न म्हटले की पडदा धूसर करावयाचा, अशी वहिवाट होती. त्याला नेमके उलट हवे होते: लांब सावल्या, धारदार कडा, दूरवर जाणारी दृष्टी, स्वप्न जागेपणाहून अधिक स्पष्ट. आमच्या मते दालीपासून काय घ्यावयाचे हे ज्या थोड्या लोकांना नेमके कळले त्यांत हिचकॉकची गणना केली पाहिजे. त्याने घड्याळे मागितली नाहीत. खडकांवरचा तो निष्ठुर उजेड मागितला.

परंतु चित्रपटाच्या कथेस स्वप्न नुसते दाखवून भागत नव्हते. तिला गुन्हेगार शोधावयाचा होता. म्हणून पुढे त्या स्वप्नाची उकल केली जाते. पडद्यांवर रंगविलेले डोळे म्हणजे इस्पितळातील पहारेकरी. उतरते छप्पर म्हणजे बर्फाचा उतार. चेहरा नसलेल्या माणसाच्या हातचे वाकडे चाक म्हणजे पिस्तूल. अशा रीतीने एकेक आकृती आपला अर्थ ओकून मोकळी होते आणि शेवटी खुनी सापडतो. प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो. लोकप्रिय कलेचा हा स्वभावच आहे: तिला कोडे चालते, पण उत्तर नसलेले कोडे चालत नाही. आमच्या टिपणाने वर्गात जे केले तेच या उकलीने चित्रपटगृहात केले. चाक म्हणजे पिस्तूल. घड्याळ म्हणजे आइन्स्टाइन. दोन्हींत फारसे अंतर नाही.

येथे कोणी म्हणेल की, बाजारास कशास दोष देता? स्वतः दालीच बाजारात जाऊन बसला होता. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९३९ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या त्याने सजविल्या. मालकांनी त्यात फेरफार केला म्हणून रागावून त्याने तेथील स्नानाचे टब असे ढकलले की ते व तो स्वतः काच फोडून रस्त्यावर आले, व त्याची रवानगी पोलिसांकडे झाली. ब्रेतोंने त्याच्या नावातील रोमन अक्षरांची उलटापालट करून ‘आविदा डॉलर्स’, म्हणजे डॉलरांची हाव, असे त्याचे नवे बारसे केले. १९४६ साली तो वॉल्ट डिस्नेच्या चित्रशाळेत काम करीत होता. तेथे आरंभिलेला ‘देस्तिनो’ हा छोटा व्यंगपट त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, २००३ साली पुरा झाला. १९६८ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर चॉकलेटच्या जाहिरातीत तो आपल्या मिशांसह झळकला, आणि १९६९ साली त्याने ‘चुपा चुप्स’ या काडीवरच्या गोळीचे बोधचिन्ह आखून दिले. ते अल्पशा फेरफारांनी आजही मुलांच्या हातांत दिसते.

या यादीत आपल्याकडचीही एक नोंद आहे. त्या काळी मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या एअर इंडियाने १९६७ साली त्याच्याकडून चिनी मातीचे एक रक्षापात्र आखून घेतले, व ते निवडक प्रवाशांना भेट म्हणून दिले. शिंपल्यासारख्या त्या पात्रास हंस व हत्तींची मस्तके यांचा आधार असून, ते उलटे धरल्यास हत्तीचा हंस व हंसाचा हत्ती होतो. मोबदला म्हणून दालीने हत्तीचे पिलू मागितले. ते बंगळूरहून विमानाने युरोपात व तेथून दालीच्या कादाकेस गावी पोचते झाले. ही हकीकत सांगताना आम्हांस त्याचा राग येत नाही. उलट, ज्यास सगळे जग डॉलरांचा लोभी म्हणत होते त्याने मुंबईच्या कंपनीकडून पैशांऐवजी हत्ती घेतला, यात आम्हांस त्याच्या बालपणाचा काही अंश शिल्लक दिसतो. शिवाय त्या पात्रात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यात मऊ घड्याळ नाही. त्यात एकच आकृती दोन रूपांनी पाहावयास लावणारी खरी दृष्टी आहे. दाली स्वतःस विकत होता खरा. परंतु पुष्कळदा तो आपली दृष्टी विकत होता. नंतरच्या विक्रेत्यांनी विकला तो त्याचा शिक्का.

दुसराही एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. चित्र घरोघर गेले तर त्यात वाईट ते काय? राजा रविवर्म्याच्या छापखान्याने, जो १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, लक्ष्मीसरस्वतींची चित्रे हजारो घरांत पोचविली. त्या चित्रांच्या प्रती निघाल्या म्हणून त्यांची काही हानी झाली काय? आमचे उत्तर असे की, तेथे हानी झाली नाही, कारण त्या चित्रांचे कार्य दर्शनाचे होते. दर्शन रोज घेतल्याने शिळे होत नाही, उलट मुरते. ‘स्मृतीचे सातत्य’ या चित्राचे कार्य विस्मयाचे आहे. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय हाच सांगितला आहे. आणि विस्मय हा असा नाजूक भाव आहे की, अतिपरिचयाने त्याच्यासारखी अवज्ञा दुसऱ्या कोणाचीच होत नाही. भांड्यांवर, सदऱ्यांवर, उशांवर आणि भिंतींवर जे घड्याळ आपण रोज पाहतो त्याने आपणास आश्चर्य कसे वाटावे? ते केवळ ‘येथे आश्चर्य वाटावयाचे आहे’ अशी पाटी होऊन बसते. एखाद्या जाहिरातीत मऊ घड्याळ दिसले की, काही स्वप्नमय, काही चमत्कारिक येत आहे, अशी वर्दी आपणास मिळते. स्वप्न मात्र येत नाही.

ही सवय किती दूर गेली आहे याचे एक उदाहरण देतो. १९६७ साली लंडनच्या कार्तिए पेढीने ‘क्रॅश’ नावाचे वेड्यावाकड्या आकाराचे मनगटी घड्याळ काढले. ते दालीच्या चित्रावरूनच सुचले असले पाहिजे, असा समज पसरला; परंतु त्या घराण्याच्या वंशजांनी लिहिलेल्या इतिहासात ते आपल्याच एका लंबगोल घड्याळाचे टोक दाबून, मध्ये मुरड घालून तयार केल्याचे सांगितले आहे. म्हणजे आता वाकड्या घड्याळास दालीपासून सुटका नाही. चित्राचा प्रभाव म्हणतात तो याहून अधिक काय असणार? आणि तरीही हा प्रभाव नावाचा आहे, दृष्टीचा नाही.

न. चिं. केळकरांनी काव्यानंदाची मीमांसा करताना ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडिली होती: रसिक दुसऱ्याच्या अनुभवात बुडतो, पण आपले भान पुरते सोडीत नाही. आम्हांस दालीच्या या चित्राचे यश त्याच भाषेत सांगावेसे वाटते. स्वप्न आहे, परंतु भान सुटलेले नाही. झोपेत गेलेला तो पांढुरका चेहरा आणि पूर्ण जागे असलेले ते कडे, हे दोन्ही एकाच चौकटीत आहेत. नुसता चेहरा व नुसती घड्याळे उचलणाऱ्यास समाधी मिळत नाही. गुंगी तेवढी मिळते.

स्वतः दालीसही हे ठाऊक होते, याचा पुरावा त्याच्याच दुसऱ्या एका चित्रात आहे. १९५२ ते १९५४ या काळात त्याने हाच देखावा पुन्हा रंगविला. ‘स्मृतीच्या सातत्याचे विघटन’ या अर्थाचे नाव असलेले ते चित्र अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतातील सेंट पीटर्सबर्ग येथे दालीच्याच नावाने असलेल्या संग्रहालयात आहे. मध्यंतरी १९४५ साल होऊन गेले होते. जपानच्या दोन शहरांवर अणुबॉम्ब पडले होते. या नव्या चित्रात काप दे क्रेउसचा देखावा पाण्याखाली गेला आहे, आणि पाण्याचा पृष्ठभाग त्वचेप्रमाणे उचलून धरला आहे. जमीन विटांसारख्या सुट्या ठोकळ्यांत विभागली गेली असून एक ठोकळा दुसऱ्यास शिवत नाही. झाडही तुटून तरंगते आहे. पहिल्या चित्रात मऊ झाली ती माणसाने केलेली घड्याळे. ज्यावर ती ओघळली ती भूमी निश्चल होती. वीस वर्षांनी त्या भूमीचाच भरवसा संपला. दालीच्या कित्येक उत्तरकालीन चित्रांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. पण हे चित्र पाहिल्यावर पहिल्यातील खडकांचा अर्थ जितका स्पष्ट होतो तितका कोणत्याही टीकेने होत नाही. आणि ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, या दुसऱ्या चित्राची घड्याळे कोणी कपाटावर बसविली नाहीत. तुटलेली भूमी बाजारात खपत नाही.

पुढे तर घड्याळेही मागे पडून चित्रकाराचा चेहराच पुढे आला. २०१७ साली स्पेनमध्ये दाखविल्या गेलेल्या व आपल्याकडे ‘मनी हाइस्ट’ या नावाने तरुण मंडळींच्या तोंडी झालेल्या मालिकेत दरोडेखोर लाल कपडे आणि दालीचे मुखवटे घालून वावरतात. मुखवट्यात दाली उरला तो मिशांपुरता. योगायोग असा की, त्याच वर्षी जुलैत, एका वारसाहक्काच्या दाव्यात न्यायालयाच्या हुकुमावरून, फिगेरेस येथे त्याची शवपेटिका उघडावी लागली. १९८९ साली वारलेल्या दालीच्या मिशा तेव्हाही जशाच्या तशा, दहा वाजून दहा मिनिटे दाखविणाऱ्या काट्यांप्रमाणे वर वळलेल्या होत्या, असे तेथे हजर असलेल्यांनी सांगितले. ज्याने घड्याळांचे काटे निरुपयोगी केले त्याच्या ओठांवर अखेर घड्याळच उरले! विधीला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?

असो. लोकप्रियता हा गुन्हा आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्या घड्याळाने आमचा लेख सुरू झाला ते आम्ही कपाटावरून काढणारही नाही. ते कन्येने प्रेमाने दिले आहे व वेळही बरोबर दाखविते. आमची वाचकांस विनंती एवढीच आहे की, हे चित्र पुन्हा कधी पुस्तकात वा पडद्यावर समोर आले तर प्रथम त्या तीन मऊ घड्याळांवर बोटे ठेवावी. ती झाकून उरलेले चित्र सावकाश पाहावे: ते कडे, तो समुद्र, तो उजेड, ती रिकामी वाळू, छाटलेले झाड, आणि मुंग्या लागलेले ते मिटके घड्याळ. त्या रात्री दिवा मालविण्यापूर्वी चित्रकारासमोर मुख्यत्वे हाच देखावा होता. मग एकेक बोट उचलावे. आमचा अनुभव असा की, तिसरे बोट उचलीपर्यंत ते जुने झालेले आश्चर्य पुन्हा नवे होते.

वर्गातील टिपण आम्ही आता बदलले आहे. त्यात आइन्स्टाइन नाही. त्यात एकच सूचना आहे: मागचे खडक आधी काढा. परीक्षेत त्यास किती गुण द्यावयाचे, हे मात्र आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.